झेलिंदाच्या घरातले लाटणे

मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, ही कसली काठी? मला टोकांना मुठी नाहीत, मधे फुगवटी नाही. मी सरळसोट आहे, मोठ्या माणसाच्या हाताहून लांब आणि म्हातारा. तरी मी लाटणेच आहे. आमच्या लामोने नदीकाठच्या गावांत रविवारी सकाळी ज्या घरातून लाटण्याचा आवाज येत नाही, त्या घरात कोणी आजारी आहे असे शेजारी धरून चालतात.

मी मूळचा नाशपातीच्या झाडाचा. एका गारपिटीत ते झाड मोडून पडले. एलिजो नावाच्या म्हाताऱ्या सुताराने त्याची एक फांदी घरी नेली. गाड्यांची चाके करणारा माणूस तो, त्याला घाई माहीत नव्हती. त्याने मला माळ्यावर वाळत टाकले, विसरल्यासारखे केले, आणि माझ्यातला सगळा ओलावा गेल्यावर रंध्याखाली घेतले. शेवटी फुटक्या काचेच्या धारेने घासून घासून त्याने मला असे गुळगुळीत केले की बोट फिरवले तर कुठे अडू नये. मग धाकटी मुलगी झेलिंदा हिच्या लग्नात त्याने मला तिच्या हाती दिले आणि म्हणाला, "पोरी, नवरा बिघडला तर तुझं तू बघ. लाटणं बिघडलं तर माझ्याकडे आण."

नवरा काही बिघडला नाही. ओलिंदो शांत माणूस होता. दलदल उपसून शेती केलेल्या मजुरांनी गावात एक सहकारी संस्था काढली होती, तिचे काम तो पाही. संस्थेचे धान्याचे कोठार होते आणि मळणीचे यंत्र होते. कोठाराची किल्ली ओलिंदोच्या जाकिटाच्या खिशात असे.

माझे सुखाचे दिवस तेच. रविवारी झेलिंदा पहाटेच मांसाचा खिमा, कांदा, गाजर आणि थोडी वाइन घालून रस्सा मंद आचेवर ठेवी. मग मोठ्या फळीवर पिठाचा ढीग करी, त्याला मधे खळगा पाडी आणि त्यात अंडी फोडी. मळून मळून तळवे लाल झाले की तो पिवळा गोळा वाडग्याखाली झाकून ठेवी आणि तेवढ्यात केस विंचरून घेई. नंतर माझी पाळी. ती मला मधून बाहेर, मधून बाहेर अशी फिरवी. पोळी फळीहून मोठी होई आणि फळीच्या काठावरून खाली लोंबे. ती उचलून खिडकीसमोर धरली की पलीकडचे झाड दिसले पाहिजे, तरच झेलिंदा माझ्यावर खूश होई. मग पोळीची गुंडाळी करून सुरीने कापायची, म्हणजे लांब पट्ट्या होत. त्यांना आम्ही ताल्यातेल्ले म्हणतो.

त्या जेवणाला एक पाहुणा ठरलेला असे. झेलिंदाचा धाकटा भाऊ सेस्तो. आई लवकर गेल्यामुळे झेलिंदानेच त्याला वाढवले होते. पहिल्या महायुद्धात तो खंदकांत राहून आला आणि परत आल्यावर त्याला धड काम मिळेना. तो दोन ताटे भरून जेवायचा आणि म्हणायचा, "ताई, तुझ्या हातचं खाल्लं की खंदकाची चव तोंडातून जाते." झेलिंदाची छोटी मुलगी नेरिना त्याच्या मांडीवर बसूनच जेवायची. मामा शिंकला तरी ती हसायची.

मग एका वर्षी सेस्तो यायचा बंद झाला. गावात बातमी आली की तो काळ्या सदऱ्यावाल्यांत गेला. जमीनदारांनी पोसलेल्या या टोळ्या ट्रकमधून गावोगाव फिरत, मजुरांच्या संस्था मोडत, माणसांना सोट्यांनी बडवत. ओलिंदो एवढेच म्हणाला, की पोटासाठी गेला असेल, येईल परत. झेलिंदाने सेस्तोचे ताट मांडणे मात्र सोडले नाही.

तो परत आला तो रविवारचाच दिवस होता. पोळी कापून झाली होती, पट्ट्या फळीवर पसरल्या होत्या, चुलीवर मोठ्या पातेल्यात पाणी खळखळत होते. बाहेर ट्रक थांबला. दार लाथेने उघडले आणि काळ्या सदऱ्यांतली माणसे आत घुसली. त्यांचा म्होरक्या कोर्रादो होता, एका जमीनदाराचा कारभारी. सगळ्यांच्या मागे, दाराला टेकून, सेस्तो उभा होता. त्याच्या हातात काहीच नव्हते. आपला सोटा त्याने मुद्दाम ट्रकमध्ये ठेवला असावा.

कोर्रादोने कोठाराची किल्ली मागितली.

"किल्ली माझी नाही, गावाची आहे," ओलिंदो म्हणाला. "गावाला विचारा."

"दार आम्ही तोडूही शकतो. पण किल्ली तू तुझ्या हातानं द्यायचीस. तेही चौकात, सगळ्यांदेखत."

ओलिंदोने मान हलवली. तेवढ्यावर पहिला सोटा त्याच्या पोटात बसला. तो वाकला, तसे दोघांनी त्याला धरून उभे केले. तिसऱ्याने झेलिंदाचे दंड मागून आवळले. एकाने फळी पालथी केली, पट्ट्या जमिनीवर पडल्या आणि बुटांखाली त्यांचा चिखल झाला. मी घरंगळत कोर्रादोच्या पायाशी गेलो. त्याने मला उचलले, हातात तोलून पाहिले आणि सेस्तोकडे वळला.

"तुझा मेहुणा आहे ना? तूच समजाव त्याला."

सेस्तो हलला नाही. कोर्रादोने मला त्याच्या हातात कोंबले आणि हसत विचारले की तू आमचा आहेस की बहिणीच्या पदराखालचा. बाकीचेही हसले. त्या हसण्याने काम केले. सेस्तो पुढे आला. नेरिना त्याच्या पायाला मिठी मारून "मामा, नको, मामा" असे ओरडत होती. तो पाय झटकून तिला दूर ढकलत राहिला, आणि तिच्याकडे न पाहता त्याने मला उगारले.

पहिला घाव ओलिंदोच्या खांद्यावर बसला. दुसरा त्याने अडवायला वर केलेल्या हाताच्या कोपरावर बसला आणि आत काहीतरी मोडले. वाळकी फाटी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज झाला. कोर्रादो म्हणाला, आणखी. तिसरा घाव कानाजवळ बसला. ओलिंदो खाली कोसळला आणि त्याच्या कानातून रक्त येऊ लागले.

तेव्हा झेलिंदाने तिला धरणाऱ्याच्या हाताचा कडकडून चावा घेतला. हात सुटताच तिने पदरासारखा आपला एप्रन पुढे ओढून उकळत्या पाण्याचे पातेले चुलीवरून उचलले आणि कोर्रादोवर भिरकावले. पाणी त्याच्या मांड्यांवर आणि पायांवर पडले. तो असा किंचाळला की बाहेर ट्रकमध्ये बसलेला माणूस धावत आला. एकाने झेलिंदाच्या पाठीत सोटा घातला, ती चुलीवर आपटली, तिच्या कपाळाची खोक हनुवटीपर्यंत वाहिली. पण त्यांचा म्होरक्या जमिनीवर गडाबडा लोळत होता. त्यांनी त्याला उचलले आणि ते निघाले.

सेस्तो मागे राहिला. त्याने पालथी फळी सुलटी केली, टेबलावर ठेवली, आणि मला फळीच्या कडेला, जिथे झेलिंदा मला ठेवी, अगदी तिथेच नीट ठेवले. मग तोही गेला.

दिवस कलायच्या आत कोठार जळाले. मळणीचे यंत्र जळाले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरने ओलिंदोचे जाकीट कापून काढले, तेव्हा खिशात किल्ली तशीच होती. आता ती लावायला दार उरले नव्हते.

शेजारणी मदतीला आल्या. एकीने मला चिमटीत धरल्यासारखे उचलले आणि चुलीत घालायला निघाली. डोक्याला पट्टी बांधलेली झेलिंदा म्हणाली, "ठेव ते. माझ्या बापानं केलेलं आहे. सेस्तोनं नाही."

तिने मला सुरीच्या पाठीने खरवडले, तेल लावले, आणि ओलिंदो उठून बसू लागला त्या रविवारी पुन्हा हातात घेतले. ओलिंदोचे उजवे कोपर पुन्हा कधी सरळ झाले नाही. त्या कानाने त्याला ऐकू येईना. डाव्या हाताने त्याला काट्यावर पट्ट्या गुंडाळता येईनात, म्हणून झेलिंदा त्याच्यासाठी त्या आखूड कापू लागली, चमच्याने खाण्यापुरत्या. कोणी ही गोष्ट कधी बोलून दाखवली नाही. नेरिना मात्र मी फळीवर आलो की घराबाहेर जाई. मोठी झाली तरी तिने मला हात लावला नाही. लोक म्हणत, लग्नाची झाली आणि साधी पोळी लाटता येत नाही. तिने ते ऐकून घेतले.

पुढची वर्षे काळ्या सदऱ्यांचीच होती. सेस्तो शहरात राहू लागला आणि त्याचे बूट चकाकू लागले असे ऐकू येई. कोणी बडा पाहुणा जिल्ह्यात आला की ओलिंदोला आधीच कोठडीत नेऊन ठेवत, आणि प्रत्येक वेळी तो कुठेतरी नवे दुखणे घेऊन परत येई. मग दुसरे युद्ध आले. हिवाळाभर सैन्ये आमच्या नदीच्या दोन्ही काठांवर ठाण मांडून बसली. घराचे छप्पर तोफगोळ्याने उडाले. पीठ नव्हते, अंडी नव्हती. मी तळघरात ओल्या पोत्यांखाली पडून होतो आणि माझ्या एका टोकाची ढलपी कुठे गेली ते मला आजही ठाऊक नाही. माणसेच उपाशी असताना लाटण्याची आठवण कोण काढतो?

वसंतात युद्ध संपले. नेरिना काळ्या सदऱ्यांविरुद्ध लढणाऱ्या डोंगरातल्या सशस्त्र टोळीबरोबर होती, ती घरी परतली. तिने खूप माणसे मरताना पाहिली होती आणि ती फार कमी बोलत होती. झेलिंदाने कुठूनतरी पीठ मिळवले, एका शेजारणीने अंडी दिली. मला तळघरातून वर आणले, पुसले, उन्हात ठेवले. गोळा मळून वाडग्याखाली ठेवला होता आणि झेलिंदा फळीवर पीठ भुरभुरवत होती, तेवढ्यात मागच्या दाराने कोणीतरी आत आले.

सेस्तो होता. रस्त्याने न येता भाजीच्या वाफ्यांतून आला होता. अंगात कोणाचातरी फाटका कोट होता. चौकात लोक त्याच्यासारख्यांना शोधून शोधून मारत होते.

"ताई, मला लपव," तो म्हणाला.

झेलिंदाचे पिठाने भरलेले हात तसेच राहिले. ती काही बोलण्याआधी नेरिना विहिरीवरून पाणी घेऊन आत आली. तिने बादली खाली ठेवली. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचा हात माझ्यावर पडला. तो हात गरम होता.

तिने मामाच्या खांद्यावर घाव घातला. मग पाठीवर. सेस्तो पळाला नाही. तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने डोक्यावर हात घेतले. तिने त्या हातांवर मारले, बोटे फुटली, हात खाली आले. त्याचे पिकलेले डोके उघडे पडले. ओलिंदो दारात येऊन ओरडत होता, पण एका हाताचा म्हातारा तिला काय आवरणार? नेरिनाने मला दोन्ही हातांनी डोक्यामागे नेले आणि सगळ्या ताकदीनिशी खाली आणले.

मधे झेलिंदाचा हात आला.

वाळकी फाटी मोडल्याचा तो आवाज मी दुसऱ्यांदा ऐकला. झेलिंदा खाली बसली नाही. मोडलेले मनगट तिने दुसऱ्या हाताने छातीशी धरले. तिचा चेहरा पिठाहून पांढरा पडला होता.

"आई, तू त्याला वाचवतेस?" नेरिनाने विचारले.

"त्याला नाही," झेलिंदा म्हणाली. "तुला."

मग ती भावाकडे वळली. "ऊठ. या घरात तुला कोणी मारणार नाही. पण या घरात तू जेवणारही नाहीस."

सेस्तोला उठताना आधार ओलिंदोने दिला. आपले वाकडे कोपर त्याने मेहुण्याच्या काखेत अडकवले आणि त्याला घेऊन तो समोरच्या रस्त्यावर आला. युद्धानंतर गावाचा कारभार पाहणाऱ्या नव्या समितीची माणसे चर्चपाशी बसत, तिथपर्यंत तो त्याला चालवत घेऊन गेला. वाटेत लोक सोटे घेऊन उभे होते. सेस्तोशेजारी कोण चालत आहे हे पाहून त्यांनी वाट दिली. पुढे खटला झाला, सेस्तो तुरुंगात गेला, सुटल्यावर दूर कुठेतरी राहायला गेला. पुन्हा त्याची भेट झाली नाही. त्याच्यासाठी कोणी रडले का, हे मला माहीत नाही. झेलिंदा पाठमोरी उभी असताना मला तिचा चेहरा दिसत नसे.

त्या दिवशी स्वयंपाकघरात मायलेकीच उरल्या. झेलिंदाचे मनगट फडक्यात बांधले होते. नेरिना भिंतीला टेकून बसली होती. झेलिंदा म्हणाली, "पीठ सुकतंय. माझ्यानं आता लाटवणार नाही."

नेरिना उठली. तिने मला पुसले, पुन्हा पुसले, आणि गोळ्यावर ठेवले.

"जोर नको देऊ," आई सांगत होती. "अगं, ते भांडतंय का तुझ्याशी? तळव्यानं पुढे ढकल. मधून बाहेर."

पोळी जाड झाली. दोन ठिकाणी फाटली. खिडकीसमोर धरली तर पलीकडचे झाड सोडा, ऊनही दिसेना. ओलिंदो परतल्यावर तिघे जेवायला बसले. त्याने चमचाभर पट्ट्या तोंडात घातल्या, बराच वेळ चावल्या आणि म्हणाला की दात अजून शाबूत आहेत हे आज कळले. नेरिना हसली नाही, पण तिने त्याला आणखी वाढले.

झेलिंदाचे मनगट सांधले, पण लाटण्याइतके नाही. त्यानंतर रविवारी मी नेरिनाच्या हातात असे, आणि आता तिच्या सुनेच्या घरी खिळ्याला टांगलेलो आहे. पोळ्या लाटायला यंत्र आले आहे. त्याचा दांडा फिरवला की सारख्या जाडीची पट्टी बाहेर येते. मला नाताळात खाली काढतात. माझी तक्रार नाही.

मित्रांनो, एवढेच मागणे आहे. मला पाण्यात भिजत ठेवू नका, कोरड्या फडक्याने पुसा आणि वर्षातून एकदा तेल द्या. लाकडाला याहून जास्त लागत नाही. आणि कधी घरात आवाज चढले, कोणाचे डोळे लाल झालेले दिसले, तर सगळ्यांत आधी मला फळीवरून उचला आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवा. मग जेवायला बसा. भांडण जेवणानंतरही करता येते.