तेजस्विनीचा पीळ आणि सावळीराम टेलर

तेजस्विनीला डॉक्टरेट मिळाली. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण त्या दिवशी साडेअकरापर्यंत तरी ती मिळायचं काही लक्षण नव्हतं.

तिचा विषय होता गणितातले पृष्ठभागांचे पीळ. तो समजावून सांगायला तिने विंचूरला वडिलांच्या शिलाईच्या दुकानातून, गिऱ्हाईक न्यायला न आलेल्या दोन पँटी उचलल्या. कंबरेला कंबर शिवली, पायांना पाय. कोणालाच घालता येणार नाही असं, दोन भोकांचं, चहूबाजूंनी बंद प्रकरण तयार झालं. मग एका पायाची शिवण उसवून तिने कड पूर्ण एक फेरी फिरवली आणि परत शिवली. कड होती तिथेच आली, इस्त्रीची घडी मात्र पायाला वेढा घालून बसली. असे पीळ सुलटे-उलटे, एकामागून एक घालत गेलं की त्यांचा अफाट गट होतो. आत ठासून कापूस भरला तर त्यातले जे कापसालाही सोबत घेऊन घालता येतात, त्यांचा उपगट. त्या उपगटात तेजस्विनीची सहा वर्षं गेली होती.

नाशिकला कॉलेजात तोंडी परीक्षा खुली असते, म्हणून तिचे वडील सावळीराम टेलर पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन शेवटच्या बाकावर बसले होते. बाहेरगावच्या परीक्षक छाया मॅडम म्हणाल्या, "प्रबंध चोख आहे. पण एक पीळ डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी सही करत नाही."

तेजस्विनीने ऐटीत पिशवीतून पँटी काढल्या. घडी नाकासमोर सरळ.

"हा तर काहीच न करण्याचा पीळ," मॅडम म्हणाल्या. "गटात त्यालाही मान असतो. पण सहा वर्षं?"

"सकाळी मीच उसवून सरळ केला," मागून आवाज आला. "लय वाकडा गेलता. लोक म्हणतील, सावळीरामला पाय शिवता येत नाय."

"नाना, तोच तर माझा प्रबंध होता!"

"आगं, मग चिठ्ठी लावायची ना वर. वाकडं हाय, हात लावू नका."

मॅडमनी चष्मा पुसला. "म्हणजे यांनी उलटा पीळ घातला. न शिकता. आता सुलटा घाला, मी थांबते."

अख्ख्या इमारतीत सुई एकच, नानांच्या कॉलरला टोचलेली. तेजस्विनीने हात पुढे केला. नानांनी कॉलर मुठीत धरली.

"चाळीस वर्षांत या सुईनं वाकडं काम केलं नाय."

"नाना, माझी पदवी अडलीय."

नानांनी एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा पँटीच्या पायाकडे. मग शिवण उसवून त्यांनी डोळे मिटले आणि पूर्ण फेरीचा पीळ घालून ती शिवली. टाके इतके सरळ पडले की मॅडमनी आधी त्यांनाच दाद दिली, मग सही केली.

पेढे वाटायच्या आधी नानांनी कागद मागून घेतला आणि तिथेच अर्ज लिहिला:

"मा. परीक्षा नियंत्रक यांस. सदर पदवीतील पीळ गिऱ्हाइकाच्या हट्टापायी घातला असून त्यास टेलर जबाबदार नाही, असा शेरा पदवी प्रमाणपत्राच्या दर्शनी बाजूस, कुलगुरूंच्या सहीच्या वर, ठळक अक्षरांत छापावा. तसेच सदर पाय सरळ करून घेण्यासाठी दीक्षांत समारंभ पंधरा मिनिटे तहकूब ठेवावा, ही नम्र विनंती."