एका पायावर उचललेला करंडक

मित्रांनो, मी आता फार दमलो आहे. विद्यापीठांच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेचा, म्हणजे मुलांच्या गटाचा, मी जुना करंडक. तुम्ही म्हणाल, करंडकाला दमायला काय झालं? त्याला ना धावायचं, ना घाम गाळायचा. टेबलावर उभं राहायचं आणि जो जिंकेल त्याच्या हातात जायचं. बरोबर आहे. पण लोक ज्याला डोक्यावर घेऊन नाचतात, तोच डोक्यावरून खालीही पडतो. माझा डावा कान इतक्या वेळा निखळला आणि जोडला गेला आहे की आता तो मला माझा वाटतच नाही.

माझा जन्म धातूकाम करणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात झाला. आतून मी पितळेचा, वरून चांदीचा मुलामा. त्या कारागिराला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तो माझे कान बसवत होता, तेव्हा त्याच्या बायकोने विचारलं, "अहो, एवढे मोठे कान कशाला?"

"जिंकणारे अकरा असतात म्हणे," तो म्हणाला. "सगळ्यांना धरायला काहीतरी नको का?"

सुरुवातीला स्पर्धा इवलीशी होती. मोजकी विद्यापीठं, एकच मैदान, आणि गोलच्या खांबांना जाळीसुद्धा नाही. चेंडू खांबाच्या आतून गेला की बाहेरून, यावर घसा बसेपर्यंत भांडणं चालायची. चेंडू चामड्याचा. चिखलपाणी पिऊन तो असा जड व्हायचा की डोक्याने मारणारा पुढची परीक्षा देईल की नाही, याची शंका यायची. मुलं रोजच्याच बुटांना खालून चामड्याच्या पट्ट्या ठोकून खेळायची. बघायला वसतिगृहातली पोरं, दोन-चार प्राध्यापक आणि भिंतीवरून उड्या मारून आलेले रिकामटेकडे. जिंकलेल्यांनी पहिल्यांदा माझ्यात लिंबाचं पाणी ओतलं आणि आळीपाळीने प्यायले. तेव्हा मी नवा होतो. मलाही वाटलं, आपण काहीतरी आहोत.

मग युद्ध आलं. मैदानावर तंबू पडले आणि मला पोत्यात गुंडाळून कपाटात टाकलं. त्या वर्षांची माझ्यावर नावं नाहीत. एका विजेत्यापासून पुढच्या विजेत्यापर्यंत थोडी कोरी जागा सोडलेली आहे. लोक माझ्यावरची नावं वाचतात तेव्हा त्यांचं बोट त्या जागेवरून सरळ घसरत पुढे जातं.

युद्ध संपल्यावर स्पर्धा वाढली. विभागवार फेऱ्या सुरू झाल्या, जाळ्या आल्या, पुढे कॅमेरे आले. दरवर्षी एक नाव, अशी माझी पाठ भरली, पोट भरलं. मग माझ्याखाली लाकडाची बैठक आली आणि तिच्यावर पितळी पट्ट्या. ती भरली, तेव्हा तिच्याखाली आणखी एक. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तशी माझी बैठकच माझ्याहून भारी झाली. मला उंच उचलणं हे पैलवानाचं काम झालं.

आता मी तुम्हाला सशाची गोष्ट सांगतो. बाकी सामन्यांचे गोल माझ्या आठवणीत एकमेकांत मिसळून गेले आहेत, ही गोष्ट मात्र मिसळत नाही.

सशा उजव्या बगलेवरून खेळायचा. किडकिडीत, लांब कानांचा म्हणून सगळे त्याला सशा म्हणत, आणि चेंडू पायात आला की कुणाच्या बापाला न सापडणारा. आई-वडील नव्हते. थोरल्या बहिणीने शिवणयंत्रावर पाय मारून त्याला वाढवलं आणि विद्यापीठापर्यंत आणलं. त्याच्या विद्यापीठाचं नाव माझ्यावर एकदाही कोरलेलं नव्हतं. दरवेळी अंतिम सामन्याच्या तोंडाशी येऊन घोडं पेंड खायचं. त्यांच्या प्रशिक्षकांना सगळे मोठे सर म्हणत. माझी इच्छा धरता धरता मोठ्या सरांचे केस पांढरे झाले होते.

त्या वर्षी उपांत्य सामन्यात सशाचा गुडघा मुरगळला. अंतिम सामन्याच्या सकाळी तो सुजून नारळाएवढा झाला होता. त्या मैदानावर कार्यालय आणि औषधोपचार एकाच खोलीत होते, म्हणून बाकावर झोपलेला सशा माझ्या अगदी शेजारी होता. डॉक्टरीणबाईंनी गुडघा दाबून पाहिला आणि मान हलवली.

"आज नाही," त्या म्हणाल्या. "आज खेळलास तर पुढे खेळायचं विसर."

"इंजेक्शन देता येतं ना?" मोठ्या सरांनी विचारलं.

"दुखणं थांबेल. गुडघा बरा नाही होणार."

मोठे सर सशाकडे वळले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. अगदी मायेने म्हणाले, "बाळा, जबरदस्ती नाही. पण तुझ्याशिवाय आपण हरणार, एवढं तुलाही ठाऊक आहे."

सशाने माझ्याकडे पाहिलं. त्या वयातली मुलं माझ्याकडे कशी बघतात, ते मला माहीत आहे. तो म्हणाला, "द्या, बाई. मी खेळतो."

बाईंनी पिशवी बंद केली आणि त्या उठून गेल्या. इंजेक्शन मग दुसऱ्याच कुणीतरी दिलं.

सामना शेवटाकडे आला तरी बरोबरीत होता. तेव्हा उजवीकडून सशा सुटला. एकाला चकवलं, दुसऱ्याला मागे टाकलं आणि चेंडू असा आत सारला की मधल्या पोराला फक्त पाय लावायचं काम उरलं. गोल झाला. सगळे त्या पोराच्या अंगावर पडले. सशा कोपऱ्यात गवतावर बसून होता. त्याला कुणी ढकललं नव्हतं. वळताना त्याच्या गुडघ्यातून आवाज आला होता, असं त्यांचा गोलरक्षक पुढे सांगायचा.

बक्षीस घ्यायला दोघांनी त्याला खांद्यावर आणलं. मला त्याच्या हातात दिलं आणि खाली सोडलं. एका पायावर उभा राहून त्याने मला उचललं. लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं. माझे दोन्ही कान त्याच्या मुठीत होते. त्याचे दात ओठात रुतले होते. छायाचित्रात तो हसल्यासारखा दिसतो.

दुसऱ्या दिवशी पोरांनी मला दवाखान्यात नेऊन त्याच्या मांडीवर ठेवलं. दुपारी त्याची ताई आली. दारातच थांबली. मग पुढे येऊन तिने दोन्ही हातांनी मला उचललं आणि खाटेखाली सारलं.

"ताई, अगं राष्ट्रीय करंडक आहे तो."

"असू दे. खाली राहील."

"आपण जिंकलो, ताई."

"आपण?" ती म्हणाली. "तुझ्यासोबत इथं कोण थांबलंय, सांग. मला दिसत नाहीये."

मोठे सर मघापासून तिथेच, खिडकीशी उभे होते.  ताईने पिशवीतून डबा काढला आणि ती भावाला घास भरवायला लागली. तो लहान मुलासारखा खात होता आणि रडत होता. खाटेखालून मला हे नुसतं ऐकू येत होतं; दिसत होती फक्त तिची पावलं, यंत्र चालवून पसरट झालेली.

त्यानंतर सशा कधीही खेळला नाही. माझ्यावर त्याच्या विद्यापीठाचं नाव कोरलं गेलं. त्याचं नाव कोरायची पद्धत नव्हती.

पुढच्या वर्षी दुसरे जिंकले. त्यापुढच्या वर्षी तिसरे. जो तो मला म्हणायचा, यासाठीच जगत होतो. आणि वर्ष सरलं की मला परत करताना माझ्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. मित्रांनो, दमणं म्हणजे काय, ते मला तेव्हापासून कळायला लागलं.

बऱ्याच वर्षांनी सशाचं विद्यापीठ पुन्हा अंतिम सामन्याला आलं, तेव्हा बाजूच्या रेषेवर लंगडत येरझारा घालणारा प्रशिक्षक माझ्या ओळखीचा निघाला. कानांवरून मी त्याला लगेच ओळखलं. आता सगळे त्याला सर म्हणत होते. त्याच्या संघात भिंगरी नावाचा पोरगा होता. चेंडू घेऊन गरागरा फिरायचा म्हणून भिंगरी. उपांत्य सामन्यात त्याचाही पाय दुखावला होता. सशाच्या गुडघ्याइतका वाईट नव्हता. थोडी सूज, थोडं लंगडणं.

माझ्या टेबलामागच्या खुर्चीवर त्यांचे कुलगुरू बसले होते. संघाची नावं वाचली गेली आणि ते उठून सशाजवळ आले.

"भिंगरी बाहेर का? डॉक्टर म्हणाले, खेळला तर चालेल."

"चालेल म्हणाले. खेळू दे, असं नाही म्हणाले."

"अहो, शब्दांचा कीस काढू नका. पोरगा स्वतः तयार आहे."

"तयार तर असणारच, साहेब. विसाव्या वर्षी कोण तयार नसतं?"

"आणि हरलात तर?"

सशाने खांदे उडवले. "हरलो तर हरलो."

"मग पुढच्या वर्षी दुसरा प्रशिक्षक बघावा लागेल," कुलगुरू म्हणाले आणि खुर्चीवर जाऊन बसले.

भिंगरी राखीव खेळाडूंच्या बाकावर होता. अख्खा सामना त्याने मैदानाकडे एकदाही नीट पाहिलं नाही. नुसतं गवत उपटत बसला. त्यांचा संघ एका गोलने हरला. मी समोरच्यांच्या हातात गेलो, नाचवला गेलो, आपटलो. त्या गडबडीतही मला बाकाजवळचं ऐकू येत होतं.

"मी असतो तर जिंकलो असतो, सर," भिंगरी म्हणाला.

"असतास, तर जिंकलोही असतो."

"माझं हे शेवटचं वर्ष होतं. तुम्ही ते घालवलंत. तुमचं जे झालं, ते माझ्यावर कशाला काढता?"

 सशाने पाण्याची बाटली पुढे केली. भिंगरीने ती घेतली नाही आणि तो तरातरा निघून गेला. थोडा लंगडत, पण स्वतःच्या पायांनी. सशा ती बाटली हातात धरून बराच वेळ उभा होता.

कुलगुरूंनी शब्द पाळला. सशाची नोकरी गेली. भिंगरीला आपण वाचवलं की उगाच बसवलं, हे त्याला कोण सांगणार? मलाही सांगता येत नाही. मी फक्त एवढं पाहिलं, की त्याच्या समोर मी होतो, आणि त्याने माझ्याकडे न बघता एका पोराच्या पायाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत असा प्रशिक्षक मी दुसरा पाहिला नाही.

हल्ली माझ्या जागी नवा करंडक आला आहे. उंच, चकचकीत आणि वजनाने हलका. तो पहिल्यांदा देण्याचा समारंभ झाला, त्याला जुन्या खेळाडूंना बोलावलं होतं. मी तोपर्यंत क्रीडा विभागाच्या बोळातल्या काचेच्या कपाटात गेलो होतो. माझा मुलामा उडाला आहे आणि आतलं पितळ दिसतं. सगळे नव्याभोवती जमले होते. माझ्यापाशी दोघेच थांबले. काठी टेकणारा सशा, आणि पोट सुटलेला, टक्कल पडलेला भिंगरी.

"सर," भिंगरी म्हणाला, "तेव्हा तुमच्यावर फार रागावलो होतो मी."

"अजून आहेस?"

भिंगरीने विचार केला. "थोडा आहे."

"असू दे," सशा म्हणाला. "माझाही मोठ्या सरांवर राग होता. ते गेले, तरी गेला नाही."

दोघे हसले. मग समारंभाची हाक आली. बोळाच्या टोकाला जिना होता. भिंगरीने काही न बोलता सरांच्या काखेत हात घातला, आणि ते एकेक पायरी उतरत गेले.

मित्रांनो, कपाटाची काच पुसा, मला उजाळा द्या, असं काही मी तुमच्याकडे मागणार नाही. तुम्ही खेळा. माझ्यासारख्या एखाद्यासाठी जिवाचं रानही करा, त्यात वाईट काही नाही. पण खेळताना शेजारचा लंगडताना दिसला, तर आधी त्याच्याकडे जा. त्याला बसवा, पाणी द्या, त्याच्या घरी कळवा. तोवर आम्ही टेबलावर उभे राहतो. आम्हाला घाई नसते. करंडक पुढच्या वर्षीही असतोच.