सूट दिलेली वाट

"आठ म्हणजे आठ! वाढलेलं ताट माणसाची वाट बघतंय, ही कुठली रीत? अन्न गार आणि तो डबा मात्र तापलेला!"

सासूबाईंनी पातेल्यावर झाकण आपटलं. डबा म्हणजे सुनेचा कॉम्प्युटर. सून हलली नाही. दवाखान्यातल्या श्वास देणाऱ्या यंत्राच्या चिपचा आराखडा आज कारखान्याकडे पाठवायचा होता. आतला कुठला संदेश किती वेळात पोचलाच पाहिजे, त्या मुदती तिनेच घालून दिलेल्या. एक संदेश काही केल्या मुदतीत पोचत नव्हता. सकाळपासून पडद्यावर त्याचीच लाल ओळ.

फोनवर साहेब खेकसला, "अहो, त्या संदेशाच्या तेवढ्या एका वाटेला तपासणीतून सूट द्या आणि पाठवून मोकळ्या व्हा!"

सुनेने काहीतरी टाइप केलं. लाल गेलं.

"सुटलीस एकदाची. ऊठ आता."

"सुटले कुठे, आई? त्या वाटेकडे बघूच नको, असं कॉम्प्युटरला सांगितलं. उशीर होतोच आहे, फक्त बोंब होत नाही."

"मग बिघडलं कुठे?"

"श्वास उशिरा मिळेल ना कुणालातरी."

सुनेने ती सूट खोडून टाकली. लाल ओळ परत आली. फोन थरथरला, तिने तो पालथा घातला.

"हात दाखवून अवलक्षण," सासूबाई पुटपुटल्या.

तेवढ्यात दार वाजलं. सासूबाईंचा मुलगा आला. नऊ कधीच वाजून गेले होते. पिशवी एका खुर्चीवर, पाय दुसऱ्या खुर्चीवर.

"आई, वाढ गं."

सासूबाईंनी मुकाट्याने गॅस पेटवला. आठचा नियम त्याला कधी नव्हताच. पुरुषमाणूस, दमून येतो. पळीने ढवळताना त्यांना जाणवलं, सून बघते आहे. नवऱ्याकडे नाही, पळीकडे. रागाने नाही, मघाशी पडद्याकडे बघत होती तशी.

पळी हवेतच थांबली. सासूबाईंनी गॅस बंद केला.

"काय झालं गं?" मुलाने विचारलं.

त्याच्याकडे न बघता त्या सुनेसमोर खुर्ची ओढून बसल्या.

"सूनबाई, याचीही सूट काढली. तुझा साहेब तुझ्यावर ओरडेल, हा माझ्यावर. ओरडू देत मेले! तू हात धुऊन ये. आज ताटं हा वाढणार आहे."