कापलेले कोपरे

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालची ही गोष्ट. कानाची यंत्रं विकणाऱ्या त्या दुकानात त्या वर्षी पहिला कॉम्प्युटर आला आणि तिथल्या नोंदी सांभाळणाऱ्या बाईंनी तो दुरूनच बघितला.

पुढे काचेचं दालन, मागे एक लांबट खोली, एवढंच ते दुकान. मागच्या खोलीत भिंतभर लाकडी कपाट होतं, त्याला चोवीस खण, आणि खणांत पिवळ्या पुठ्ठ्याच्या नऊ हजारांवर चिठ्ठ्या. फुकट तपासणीला जो येई त्याची चिठ्ठी भरली जाई. नाव, पत्ता, वय, फोन, कुठला कान किती गेलाय. म्हातारी माणसं कान तपासून घेत, "मुलाला विचारून सांगतो" म्हणत आणि निघून जात. मग योग्य वेळी बाईंनी ती चिठ्ठी काढून विक्रेत्याच्या हातात द्यायची: जा, आता विचारून बघ. ही योग्य वेळ बाईंनाच कळे. चिठ्ठीच्या पाठीवर त्या शिसपेन्सिलीने लिहून ठेवत. 'सून चांगली, मुलगा चिक्कू.' 'दोन ते चार झोपतात, बेल वाजवू नये. वाजवली तरी ऐकू येणार नाही.' सव्वीस वर्षं त्या खणांवर त्यांचंच राज्य होतं.

एक गोष्ट मात्र त्या कधी लिहीत नसत. माणूस वारल्याचं कळलं की चिठ्ठीचा वरचा डावा कोपरा कात्रीने कापायचा, बस्स. त्यांच्या आधीच्या कारकुनाने हे शिकवलं होतं. कधीतरी एका मुलाने टेबलावर पडलेल्या चिठ्ठीवर बापाच्या नावापुढे 'मयत' वाचलं होतं आणि तो तिथेच मटकन खाली बसला होता, तेव्हापासूनची ही पद्धत. चिठ्ठी फेकायची मात्र नाही. "त्या घरात पुढचा म्हातारा तयार होत असतो," कारकून म्हणत. तो कारकून केव्हाच गेला. कोपरा कापलेली चिठ्ठी कधी खणाबाहेर जात नसे, म्हणून तिचा अर्थ आता फक्त बाईंना ठाऊक होता.

"तीन महिन्यांत हे सगळं आत गेलं पाहिजे," धाकटे साहेब कॉम्प्युटरवर थाप मारत म्हणाले. थोरल्या साहेबांनी नुकतंच दुकान लेकाच्या हाती दिलं होतं.

"आत म्हणजे तुरुंगात का हो साहेब?" यंत्रं दुरुस्त करणारे मिस्त्री पुढून म्हणाले. कोणी हसलं नाही.

टायपिंगला मुलगी हवी होती. बाईंनीच शब्द टाकला आणि भावाच्या मुलीला आणलं. घरात तिला चिमणी म्हणत. बोटं अशी चालत की बघत राहावं. बाई एकट्या, भावाच्याच घरी राहायच्या. भाऊ दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेला. भाचीचं भलं होईल आणि वहिनीवर उपकारही राहील, असा दुहेरी विचार होता त्यात.

पंधरा दिवसांनी साहेबांनी दोघींना बोलावलं. "काम संपलं की इथे एकच खुर्ची राहणार. कोणाची, ते तेव्हा बघू." बोलताना त्यांची नजर भाचीच्या बोटांवर होती, ती बाईंनी बरोबर टिपली.

त्या दिवसापासून बाईंना घरातलं आपलं पान दिसायला लागलं. मिळवती नणंद होती म्हणून वहिनी पहिली पोळी तिला वाढायची. उद्या घरी बसलेली नणंद झाली, की कोण विचारतंय? आपल्याच हाताने आणलेली पोर आपली खुर्ची ओढून घेणार, हा सल रोज थोडा थोडा आत जात राहिला.

भाची मात्र मन लावून काम करत होती. समोरची बाजू टाइप करायची, पाठीवरचं विचारून घ्यायची. दुकानात ती आत्याला बाईच म्हणे. एका दुपारी मात्र खोलीत कोणी नव्हतं.

"आत्या, काही चिठ्ठ्यांचा कोपरा कापलाय गं. त्याचं काही वेगळं भरायचंय का?"

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"खणात अडकायच्या त्या. म्हणून कापल्यात."

"अय्या, एवढ्या सगळ्या?"

"जुनं कपाट आहे ते. तू तुझं काम कर."

भाचीने अकराशेच्या वर मेलेली माणसं जिवंतांमध्ये भरून टाकली. बाईंचा हिशोब साधा होता. दोन-चार घरांतून तक्रार येईल, साहेब चरफडतील, आणि बाईंवाचून चालत नाही हे त्यांना उमजेल. पुढचं त्यांनी मनात येऊच दिलं नाही.

तीन महिने संपताच साहेबांनी सगळ्या नावांवर एकदम पत्रं छापून घेतली. वर ठळक अक्षरांत: 'अजून वेळ गेलेली नाही!' पाकिटं चिकटवायचं काम बाईंकडे आलं. पंधरा दिवस त्या डिंकाची बाटली घेऊन बसल्या. नावं एकेक हाताखालून जात होती, कित्येकांचे आवाज त्यांच्या कानात होते. दुसऱ्या दिवशी एक पाकीट त्यांनी बाजूला काढलं, थोडा वेळ बघितलं आणि मग तेही चिकटवलं.

आठवड्याने एक आजी दुकानात आल्या. अंगावर इस्त्रीची साडी, हातात पत्र. दालनात पाच-सहा गिऱ्हाइकं बसली होती.

"आमच्या ह्यांना पत्र आलंय," आजी मोठ्याने म्हणाल्या. त्यांना फारसं ऐकू येत नव्हतं. "मुलगा म्हणाला, फेकून दे. पण म्हटलं, विचारून यावं. तुम्हाला काही कळलं असेल तर?"

भाचीने पत्र वाचलं. "आजी, आजोबा कुठे आहेत?"

"काय?"

"आजोबा! कुठे आहेत?"

"त्यांना जाऊन चार वर्षं झाली. तुमच्या बाई भेटायला आल्या होत्या की घरी."

भाचीने मागे वळून बघितलं. बाई दाराशी उभ्या होत्या.

"चूक झाली, आजी," भाची म्हणाली. आजींनी कानामागे हात धरला. मग तिला ओरडावंच लागलं. "चूक झाली! पत्र चुकून गेलं! चूक!"

सगळं दालन ऐकत होतं. मिस्त्रींनी हातातला स्क्रू खाली ठेवला.

"कोणाची चूक?" आजींनी विचारलं.

"माझी!" भाची ओरडली आणि रडायला लागली.

बाई दारातून मागे फिरल्या आणि कपाटापाशी जाऊन उभ्या राहिल्या. आजींनी पत्राची नीट घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि पायऱ्या उतरून गेल्या.

संध्याकाळपर्यंत सतरा फोन आले. साहेबांनी कपाटासमोर दोघींना उभं केलं.

"बाई, यातले गेलेले कोण, हे कळायला काही मार्ग आहे?"

"आहे की. कोपरा कापलेली म्हणजे गेलेली."

उत्तर इतकं चटकन आलं की बाईंना स्वतःलाच धक्का बसला.

साहेब भाचीवर उखडले. "समोर कापलेलं दिसत होतं! विचारायला तोंड नव्हतं?"

भाचीने आत्याकडे बघितलं. मग साहेबांना म्हणाली, "नाही विचारलं. चुकलं माझं." आणि खुंटीवरची पिशवी घेऊन निघाली.

घरी तिने कोणाला काही सांगितलं नाही. वहिनी पहिली पोळी बाईंनाच वाढत राहिली. बाई ती ताटाच्या कडेला सारत आणि सगळ्यात शेवटी खात.

खुर्ची बाईंना मिळाली. कॉम्प्युटर शिकायला त्यांना वर्ष लागलं आणि तीन वर्षांनी दुकान मोठ्या कंपनीने घेतलं, तेव्हा खुर्चीही गेली. धाकट्या साहेबांनी पुढे चष्म्यांचा धंदा काढला, तो बरा चालला. मिस्त्री मुलाकडे राहायला गेले आणि जाताना बाईंचा निरोप घ्यायला आले नाहीत. भाऊ पत्रं गेली त्याच वर्षी हिवाळ्यात वारला. भाचीने दुसऱ्या गावी इस्पितळाच्या नोंदणी खिडकीवर नोकरी धरली, लग्न केलं, आईला घेऊन गेली. नोंदी चोख ठेवते म्हणून तिचं नाव आहे म्हणतात. बाईंना ती महिन्यातून एकदा फोन करते, तब्येत विचारते, औषधं संपली का विचारते. घरी ये असं कधी म्हणत नाही, आणि बाईही विचारत नाहीत.