हलायचं नाही!

माझ्या सलूनमध्ये नवीन गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की माझ्याआधी माझी पोरगीच दरडावते, "हलायचं नाही!" हा हक्क तिने कमावलाय.

पोरीच्या पायाला भिंगरी, म्हणून नावच पडलं भिंगरी. झोपेतसुद्धा लाथा झाडते. पण माझ्या खुर्चीत बसवून "हलायचं नाही" म्हटलं की झाली दगड! कानामागे वस्तरा आला की भले भले अंग चोरतात. ही पापणीसुद्धा हलवत नाही. न्हाव्याची पोर आहे, उगाच नाही.

तिच्या हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी जन्मापासूनच एका जागी आवळलेली होती. ऑपरेशन ठरलं आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी डोक्याचा एमआरआय करू. हृदयाचा असा दोष असलेल्या काही मुलांच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीलाही फुगा असतो. तो फुटला तर जिवावर बेतेल."

मी पोरीला जवळ ओढलं.

"आत अगदी स्थिर पडायला लागतं," त्या पुढे म्हणाल्या. "लहान मुलांना भूल देतो आम्ही. पण हिचं हृदय बघता जादा भूल टाळलेली बरी."

"नाही हलणार ती," मी म्हटलं.

बायकोने कोपराने ढोसलं. "फुशारक्या मारू नकोस. वेणी घालताना चारदा पळते ती!"

"वेणी तू घालतेस. केस मी कापतो."

मशीनच्या खोलीच्या दारातच माझा पोपट झाला. तिथल्या बाईने विचारलं, "काका, खिशात काय आहे?" कात्री! शर्ट धुतलेला घातला, तरी हाताने सवयीने कात्री खिशात टाकलीच होती. "अहो, आत केवढं लोहचुंबक आहे! उडून पोरीला लागली असती," बाई कडाडली. एरवी अख्ख्या दुकानावर ओरडणारा मी, मान खाली घालून कात्री बायकोच्या हातात दिली. "आता मार फुशारक्या," ती पुटपुटली.

आत मशीनची ठोकाठोकी सुरू झाली. मी भिंगरीचा घोटा धरून उभा होतो. आधीच सांगितलं होतं, "खुर्चीतच आहेस असं समज. हलायचं नाही." आणि नाही हलली हो पोरगी! शेवटी बाई आत येऊन म्हणाली, "मोठी माणसंही इतकी शांत पडत नाहीत." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

फुगा निघाला. छोटा, पण होता. हृदयाचं ऑपरेशन पुढे ढकललं, आधी डोक्याचं करायचं ठरलं. "चित्र इतकं स्वच्छ आलं म्हणून दिसला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी जिन्यात जाऊन रडलो.

ऑपरेशनच्या सकाळी तिचे केस काढायला हॉस्पिटलचा माणूस आला. मी आडवा उभा राहिलो. "माझ्या पोरीच्या डोक्याला दुसऱ्याचा हात लागायचा नाही." बिचाऱ्याने मुकाट्याने त्याचं केस कापायचं मशीन माझ्या हातात दिलं.

मशीन सुरू केलं आणि माझा हात लटलटायला लागला. थांबेचना. जन्मभर लोकांची डोकी केली, आणि नेमका आत्ता हाताने दगा दिला. बायकोने तोंड फिरवलं.

भिंगरीने वळून पाहिलं. दोन्ही मुठींत माझं मनगट घट्ट धरलं.

"बाबा," ती म्हणाली, "हलायचं नाही."

हात थांबला. इतका सफाईदार हात मी आजवर कुणाच्याच डोक्यावर फिरवलेला नाही.