नऊ दिवसांची काजळी

"वात काळी पडली की दिवा इझवायचा. धुराडं झाडायचं, वात कापायची, मगच परत पेटवायचा. दर आठ दिसांनी, न चुकता. ध्यानात ऱ्हाईल न्हवं, वैनीसाब?"

भरमूचा हा आवाज अजून माझ्या पत्र्यात घुमतो. मित्रांनो, मी एक जुनी गारव्याची पेटी आहे. आज पडवीच्या कोपऱ्यात उभी आहे, माझ्यात जुनी वर्तमानपत्रं ठेवतात. त्याचं मला वाईट वाटत नाही. मला वाईट वाटतं ते दुसऱ्याच एका गोष्टीचं, आणि ती सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

माझा जन्म सातासमुद्रापारच्या एका कारखान्यात झाला. जहाजातून मुंबईला आले, आगगाडीने बेळगावला, आणि स्टेशनापासून बैलगाडीत बसून कॅम्पातल्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात. साहेबाची बदली झाली, तेव्हा डॉक्टर शरच्चंद्रांनी मला विकत घेतलं. लोणी-दुधासाठी नव्हे. आजूबाजूच्या वस्त्यांत देवीची लस टोचायचं काम त्यांच्याकडे होतं. ती लस काचेच्या बारीक नळ्यांत येते आणि उबेला दोन-चार दिवसांत मरते. तिला जपण्यासाठी मी.

तुम्हाला नवल वाटेल, पण माझ्या पोटातला गारवा पायाशी जळणाऱ्या दिव्यामुळे असतो. खाली रॉकेलचा दिवा, त्यावर धुराडं, धुराड्यात पीळ दिलेली लोखंडी पट्टी. ज्योत निळी असली की धग नीट लागते, माझ्या पाठीवरच्या लोखंडी नळ्यांत कोंडलेला द्रव खेळू लागतो आणि आत थंडी साठते. ज्योत पिवळी होऊन काजळी धरली, तर दिवा जळतच राहतो, गारवा मात्र जातो. म्हणूनच स्टोव्ह-कंदील दुरुस्त करणारा भरमू दर आठवड्याला यायचा आणि मला झाडून-पुसून जायचा.

डॉक्टरांच्या पत्नी सरोजिनीबाई फार मऊ बोलायच्या. पहाटे स्नान, तुळशीला पाणी, शंभर वाती वळल्याशिवाय तोंडात पाणी नाही. मला घरी आणलं त्याच दिवशी त्यांनी माझ्या दाराला हळदकुंकू लावलं. "लेकरांचं औषध सांभाळायचंय हो तू," म्हणाल्या. मी तेव्हाच त्यांची झाले.

दुसऱ्या महायुद्धातल्या लढाईच्या दिवसांतलं ते नवरात्र. चिकोडीकडे देवीची साथ होती. डॉक्टर तिकडे गेले होते आणि वडगावच्या मुलांसाठी आणलेली लस माझ्यात ठेवून गेले होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टोचायचं ठरलं होतं. घट बसले, त्या सकाळी सरोजिनीबाई देवापुढे हात जोडून म्हणाल्या, "आई, साथ ओसरू दे. नऊ दिवस या घरातली एकही ज्योत मी मालवू देणार नाही."

तिसऱ्या दिवशी भरमू आला. वाकून बघतो तर ज्योत पिवळी.

"वैनीसाब, वात पार काळी पडल्या. जरा इझवतो."

"नको रे भरमू. नऊ दिवस मालवायची नाही. बोललेय मी आईला."

"अवो, ही ज्योत देवाची न्हवं, घासलेटची हाय!"

"ज्योत ती ज्योत."

"मग नऊ दिस हिच्याम्होरं आरतीच म्हना की!" भरमू हसला, मान हलवून निघून गेला. दारातून वळून तेवढं म्हणाला, "काजळी कुनाचं ऐकत न्हाय, बघा."

सरोजिनीबाईंनी त्या दिवसापासून माझ्यापुढेही फूल ठेवायला सुरुवात केली. मित्रांनो, इथेच मी चुकले. मला ते फूल आवडलं. साहेबाच्या घरी माझ्यावर बाटल्यांचे ओले डाग पडायचे, इथे मला देवीच्या समईचा मान मिळत होता. पाचव्या रात्री खिडकीतून वारं आलं, ज्योत फडफडली. मी विझायला हवं होतं. विझले असते तर सकाळी वात बदलावीच लागली असती. पण मी वात घट्ट धरून राहिले, आणि पोटातला गारवा मात्र घोट-घोट निसटू दिला.

सातव्या दिवशी सरोजिनीबाईंनी लोण्याची वाटी काढली. लोणी पाघळलेलं. त्यांनी आत हात घातला, काचेच्या नळ्यांना बोट लावलं. कोमट. दार लावून देवघराकडे बघत पुटपुटल्या, "दोनच दिवस राहिलेत. आई सांभाळेल."

दसऱ्याला भरमू आपल्या बहिणीकडे निपाणीला गेला होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, घाईत नळ्या पिशवीत टाकल्या आणि वडगावला गेले. सरोजिनीबाई दारापर्यंत गेल्या. मग परत येऊन वाती वळत बसल्या.

आठ दिवस गेले. टोचलेल्या जागी फोड यायला हवा, तो एकाही मुलाच्या दंडावर आला नाही. डॉक्टर कपाळाला हात लावून बसले. "भर उन्हातून नेली मी. माझीच हयगय," म्हणाले. त्याच दिवशी ताजी लस आणून त्यांनी मुलांना परत टोचलं. ती सगळी वाचली. पण त्यांच्यातलीच एक, हातमागावर लुगडी विणणाऱ्या राजाबाईची सहा वर्षांची रुक्मा, तोवर देवीच्या तापाने फणफणली होती. पोर जगली. चेहऱ्यावर व्रण राहिले आणि डावा डोळा गेला.

भरमू निपाणीहून परतला, त्याने माझं धुराडं उघडलं. मुठी-मुठीने काजळी पडली. पट्टीचा तर जळून भुगा झाला होता. लढाईमुळे मुंबईत सुटे भाग मिळत नव्हते. त्याने तेलाच्या पिंपाची पट्टी तापवून तिला पीळ दिला, कंदिलाच्या वाती शिवून गोल वात केली, दाराचं फाटलेलं रबर काढून सायकलची ट्यूब कापून बसवली. "सायबाच्या मुलखातनं पट्टी येस्तवर ही गावठीच चालवून घे, बाई," मला म्हणाला. मग हात पुसत हळूच विचारलं, "वैनीसाब, ही काजळी त्या नऊ दिसांची न्हवं?"

"होय."

"राजाबाईला कोन सांगनार?"

"मी सांगेन, भरमू. मी."

पण दिवस गेले. सरोजिनीबाईंनी एक वेळचं जेवण सोडलं, वाती शंभराच्या दोनशे केल्या, वडगावची वाट मात्र धरली नाही. माझ्या पोटात पुन्हा गारवा साठला होता, पण त्याचं सुख वाटेना.

एका दुपारी राजाबाईच आली. रुक्मा पदराआड लपलेली. हातात कोरं हिरवं लुगडं.

"वैनीसाब, हे देवीला वाहायला न्यालोय. कोपली वो ती माझ्यावर. नवरात्र सरतंय न सरतंय तवर पोरीच्या दंडाला सुई लावली मी. तिनं डोळाच काढून नेला." ती डोळे पुसत म्हणाली, "डाक्टर म्हनत्यात, धाकटीलाबी टोचू. न्हाय टोचू देनार. जीव गेला तरी न्हाय."

"राजाबाई, असं नको करूस..."

"तुमी देवाच्या मानूस. तुमीच सांगा, माझं पाप न्हवं तर कुनाचं?"

सरोजिनीबाईंनी आधारासाठी माझ्या दारावर हात ठेवला. उत्तर माझ्या आतच होतं, पण पेटीला तोंड कुठलं? त्यांना होतं, आणि तेही मिटलेलं राहिलं. राजाबाई नमस्कार करून गेली.

त्या संध्याकाळी डॉक्टर जेवायला बसले, तेव्हा सरोजिनीबाईंनी सगळं सांगितलं. लोणी, कोमट नळ्या, नवस, सगळं. डॉक्टरांनी हातातला घास ताटात ठेवला. ते म्हणाले, "आधी तू जा तिच्याकडे. ती हो म्हणाली, तर दुपारी मी लस घेऊन येतो."

मित्रांनो, तुमच्या घरातल्या दिव्याला, चुलीला, यंत्राला हात जोडा, जरूर जोडा. पण आधी त्याची काजळी काढा. आणि त्याला विसावा हवा असेल, तर तुमच्या नवसासाठी त्याला जागवू नका. माझ्यासारखं मानाला भुलून जळत राहणंही बरं नव्हे.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता, देवीचा वार. पूजा आटोपून सरोजिनीबाई माझ्यापुढे बसल्या. फूल आणलं नव्हतं, कात्री आणली होती. त्यांनी स्वतःच्या हाताने माझी ज्योत मालवली, वात कापली, धुराडं झाडलं आणि पुन्हा दिवा लावला. ज्योत निळी होईपर्यंत बघत राहिल्या. मग काजळीने भरलेले हात धुतलेही नाहीत, तशाच उठल्या. पायात वहाणा घातल्या, पदर खांद्यावरून घेतला आणि कुणाला हाक न मारता वडगावच्या रस्त्याला लागल्या.