बारावी कॅसेट

मालवणच्या बाजारपेठेत गुरुदासच्या दुकानावर पाटी नव्हती आणि तिची गरजही नव्हती. बिघडलेला रेडिओ काखोटीला मारून कोणी एस.टी.तून उतरला, की स्टँडवरचा पानवालाच त्याला गुरुदासकडे पिटाळायचा. गुरुदासला एकच घमेंड होती, पण ती चांगली हातभर होती. वीस वर्षांत त्याने एकही सेट ‘होणार नाही’ म्हणून परत दिला नव्हता. सुटा भाग मालवणात मिळेना तर कोल्हापूरहून आणायचा, तिथेही मिळेना तर स्वतः काहीतरी जुळवायचा. गिऱ्हाइकाला महिनाभर खेपा घालायला लावायचा, शिव्या खायचा, पण यंत्र बोलतं करून द्यायचा.

म्हणून शहाऐंशीच्या नोव्हेंबरात एका सोमवारी सकाळी वजीराकाकी हातगाडीवरून तो थोरला सेट घेऊन आली, तेव्हा तो खूशच झाला. तिचा एकुलता मुलगा याकूब आखातात नोकरीला होता. त्यानेच तो पाठवला होता: रिसिव्हर, कॅसेट डेक आणि कमरेएवढे दोन स्पीकर. मोहल्ल्यात असा दुसरा सेट नव्हता.

“गुरुदास, ह्याच्यात सूं करून आवाज येता बघ,” काकी म्हणाली. “झिलाचा बोलणा समजणा नाय. शुक्रवारी शेजारणी ऐकाक येतली. त्याच्या आत करून दी.”

सोबत तिने बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला. आत बारा कॅसेटी होत्या, सुनेच्या, नसीमाच्या, अक्षरात आकडे घातलेल्या. तिकडची माणसं पत्र लिहीत बसत नसत. कॅसेटवर बोलायची आणि रजेवर निघालेल्या गाववाल्याच्या हाती ती द्यायची. इथे शुक्रवारची नमाज झाली की आळीतल्या बायका जमायच्या आणि एकीच्या मुलाचं बोलणं दहाजणी ऐकायच्या. बारावी कॅसेट महिन्यापूर्वी तारकर्लीच्या कोणा माणसाबरोबर आल्याचं नसीमाने सांगितलं होतं.

काकी गेल्यावर गुरुदासने सेट उघडला. लोकांच्या लेखी सगळी खरखरच, पण गुरुदासला घुमणं वेगळं, खरखर वेगळी आणि ही बारीक सूं वेगळी. त्याने डेक बंद ठेवून आवाज पूर्ण वाढवला. स्पीकरमधून जेमतेम श्वासाएवढं काहीतरी आलं, तेवढं कुठल्याही सेटमध्ये असतं. म्हणजे रिसिव्हर निर्दोष होता. मग त्याने डेकचं हेड स्पिरिटने पुसलं आणि पहिली कॅसेट लावली. याकूब स्वच्छ बोलला. पाचवी लावली, तीही स्वच्छ. बारावी लावली मात्र, आणि दूरच्या समुद्राची गाज खोलीत शिरावी तसा आवाज दुकानभर पसरला.

‘अरे, खोट यंत्रात नाही, कॅसेटमध्ये आहे,’ तो स्वतःशी म्हणाला आणि बाह्या सरसावून बसला. खोट कॅसेटची असली म्हणून काय, गुरुदास हार मानणार होता होय? त्याने दोन कपॅसिटर लावून ट्रेबल, म्हणजे आवाजातला वरचा बारीक सूर, कापला. मंगळवारी सकाळी सूं निम्म्याहून कमी झाली. आधी एक खोकला आणि मग याकूबचं बोलणं पुढे आलं: ‘अम्मा, मी बरो आसंय. औषधां वेळेर घे.’ पुढे थोडं थांबून, ‘नसीमा, अम्माक संबाळ.’

गुरुदासच्या कानाला एक गोष्ट खटकली. प्रत्येक वाक्यानंतर सूं तुटत होती. क्षणभर काहीच नाही, मग पुन्हा सूं, पण आधीपेक्षा कमी किंवा जास्त. एका दमात बोलणाऱ्या माणसामागे असं होत नाही.

इतक्यात बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्याचा भोंगा झाला. तो भोंगा मालवणभर ओळखीचा होता. मध्येच घसा बसल्यासारखा अडखळायचा आणि मग उरलेला पुरा करायचा. बारा वाजले, जेवायची वेळ झाली, म्हणून गुरुदासने डेक थांबवला, चपला पायात घातल्या आणि सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

पावणेअकरा वाजले होते.

त्याने चपला काढल्या. कॅसेट मागे घेतली आणि पुन्हा लावली. ‘अम्माक संबाळ,’ याकूब आखातातून म्हणाला, आणि त्याच्यामागे मालवणचा भोंगा अडखळत वाजला.

गुरुदासने डबा पुढ्यात ओढला. त्याने डब्यातल्या जुन्या कॅसेटी एकेक करून लावल्या. ‘मी बरो आसंय’ तिसरीत सापडलं, त्याच खोकल्यासकट. ‘अम्माक संबाळ’ सातवीत होतं. बाराव्या कॅसेटमध्ये याकूबचं नवं असं एक अक्षरही नव्हतं.

मग त्याला स्वतःचा छोटा टेप आठवला. दीड महिन्यापूर्वी भावाच्या लग्नातली गाणी भरायची म्हणून नसीमा तो मागून घेऊन गेली होती. परत आला तेव्हा त्याचं रेकॉर्डचं बटण सैल झालेलं होतं. सासू दुपारी पडली असेल, ही स्पीकरसमोर टेप धरून बसली असेल, एकेक वाक्य वेचत, पुन्हापुन्हा बटण दाबत. गुरुदासला स्वतःचाच राग आला. टेप त्यानेच दिला होता, वर बटण कसं दाबायचं तेही शिकवलं होतं.

बुधवारी नसीमा आली. दुकानाच्या पायरीवर उभी राहिली आणि उघड्या सेटकडे पाहत राहिली.

“दादा, आवाज गेलो काय?”

“गेलो,” गुरुदास म्हणाला. “भोंगो ऐकाक येता गो, नसीमा.”

ती मटकन खालीच बसली. बोलली तेव्हा अगदी हळू. ऑगस्टात कामावर अपघात झाला होता. तिथेच दफन केलं. त्याच्या सोबत्याचं पत्र आलं, सासूला वाचता येत नव्हतं, ते बरं म्हणायचं की काय? आधीच एक झटका येऊन गेला होता. दुसरा सोसायचा नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं.

“सांगलंय तर अम्मा जातली. हातातल्यो बांगड्यो पण काढूक नाय मी. दादा, तो आवाज परत घाला.”

गुरुदासने त्याच संध्याकाळी कपॅसिटर काढून टाकले. ट्रेबल जुन्यापेक्षाही वाढवून ठेवला. वीस वर्षांत पहिल्यांदा त्याने चांगला सेट हाताने बिघडवला होता. रात्री जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं तर तिच्यावरच डाफरला.

गुरुवारी साडेअकराला काकी आली. गुरुदासने बारावी कॅसेट लावली. सूं दुकानभर पसरली. याकूब तिच्या तळाशी कुठेतरी बोलत होता.

“काकी, जमला नाय माका. आसा तसोच ने.”

काकी स्टुलावर बसली. बराच वेळ नुसती ऐकत राहिली.

“माझ्या घोवाचो रेडिओ दोन दिस खाडीच्या पाण्यात होतो,” ती म्हणाली. “तो तू बोलतो केलंस.”

“केलंय.”

“आणि ह्यो आवाज तुका काढूक जमाक नाय?”

गुरुदासने मान खाली घातली. टेबलावरचा पेचकस उचलला आणि परत ठेवला. एवढं आयुष्य घमेंडीत घालवलं, आणि आज धड खोटंही बोलता येऊ नये! कॅसेट संपून डेक खटकन बंद पडला.

“कधी?” काकीने विचारलं.

“ऑगस्टात,” गुरुदास म्हणाला, आणि धावत जाऊन तिला धरायच्या बेतात उभा राहिला. पण काकी पडली नाही. पदराचं टोक मुठीत घट्ट आवळून ती तशीच बसून होती.

“भोंगो माका पयल्याच दिसा ऐकाक इलो रे. वाटला, माझे कान गेले असतीत. तू साफ करून दितलंस आणि त्यात भोंगो नसतलो, म्हणान हयसर घेवन इलंय.”

बाहेर बारा वाजले. भोंगा सुरू झाला, अडखळला, पुरा झाला. मग काकी उठली, डब्यात बाराही कॅसेटी मोजून ठेवल्या आणि झाकण दाबून बसवलं.

“नसीमाक सांगू नको माका कळला ता. पोर माझ्यासाठी जीव जाळता,” ती पायरी उतरताना म्हणाली. “ती परत टेप मागूक येतली. दी. आणि तू सांगतंस म्हणान सांग तिका, भरताना खिडकी लावन घे.”